फ्राउकेच्या उशाजवळचा पॉइंट

माझी मोठी बहीण फ्राउके बोलत नाही, म्हणून मला दोघींच्या वाटचं बोलावं लागतं. लोक म्हणतात, हिल्के तोंडाळ आहे. आहेच मुळी! बहीण मूग गिळून बसणार आणि मीही गप्प बसायचं, तर खरं बोलायचं कुणी?

आमचं गाव जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राच्या बांधामागे. फ्राउके सगळा जन्म गावच्या बेकरीत राबली. गाव घोरत असायचं तेव्हा ही कोपरापर्यंत पिठात. नवरा हायो दुधाचा टँकर चालवायचा, तो गेला. मुलगा एन्नो ब्रेमेनला कॉम्प्युटरच्या नोकरीत. कुणी काहीही मागा, हिचं उत्तर ठरलेलं: "चालेल." बेकरीतल्या बाईने नाताळात आपल्या जागी कामाला यायला सांगितलं, चालेल. एन्नोने बापाची होडी न विचारता विकून टाकली, तरी चालेल! त्या 'चालेल'चा मला इतका राग येतो ना, की कधीकधी वाटतं हिलाच धरून गदागदा हलवावं.

स्वतःसाठी म्हणून तिने आयुष्यात एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे एक जुनी व्हॅन. लग्नानंतर ती आणि हायो स्वीडनमध्ये एका तळ्याकाठी तंबू टाकून राहिले होते. तिथे तिला पुन्हा एकदा झोपायचं होतं. तिथे ना वीज, ना माणूस. आणि फ्राउकेचा झोपेत श्वास अडकतो. रात्रभर नाकावर मुखवटा चढवून हवेच्या यंत्रावर झोपावं लागतं. यंत्राशिवाय एक रात्रसुद्धा काढायची नाही, असं डॉक्टरने बजावलंय. ते यंत्र घरात आल्यापासून बाईने उंबरठ्याबाहेर रात्र काढलेली नाही.

एन्नो म्हणाला, "आई, इलेक्ट्रिशियन कशाला? छपरावर सोलर बसवतो, बाकाखाली बॅटरी. पॉइंट मीच काढून देतो." ही हरखली. गाडीतल्या खाटेवर आडवी झाली, हात लांब केला, आणि हात जिथे टेकला तिथे भिंतीवर खडूने मोठी फुली मारली.

"आधी इथे काढ रे. बाकीचे मग तुला हवे तिथे."

मी दारात उभी होते. या कानांनी ऐकलंय मी.

गेल्या शनिवारी काम झालं म्हणून त्याने आम्हा दोघींना बघायला बोलावलं. टेबलाखाली लॅपटॉपचे पॉइंट, बाकाशेजारी मोबाईलचे, कॉफीच्या मशीनला वेगळा, मागच्या दाराशी बॅटरीच्या सायकलीला आणखी एक. तो टकटक वाजवून एकेक दाखवत होता आणि फ्राउके मान डोलवत होती. मी खाटेकडे पाहिलं. भिंतीवर नवीकोरी लाकडी फळी, तिच्यावर एक भलामोठा लोखंडी हूक. पॉइंटच्या नावाने ठणठण गोपाळ!

"एन्नो, आईच्या यंत्राचा कुठाय?"

"अगं मावशी, टेबलाखालून एक्स्टेंशन आणायची. त्यात काय एवढं?"

"आणि हा हूक कसला?"

"माझ्या सर्फिंगच्या फळीचा. उद्या मित्रांबरोबर डेन्मार्कला चाललोय ना! लाटाही होतील आणि गाडी कशी धावते तेही कळेल. आईच्याच फायद्याचं आहे."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! फ्राउके पुटपुटली, "एक्स्टेंशन चालेल की, हिल्के." पण माझं डोकं आता थांबेना. मी विचारलं, टेबलाखालचा पॉइंट रात्रभर चालू असतो का? तर हा पठ्ठ्या खूश होऊन मोबाईल काढून दाखवायला लागला. बॅटरी उतरू नये म्हणून मध्यरात्री सगळे पॉइंट आपोआप बंद होतात म्हणे. पुन्हा चालू करायचं बटण मोबाईलमध्ये. मोबाईल याचा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या, आईने श्वास घ्यायचा तो तुझ्या बटणावर?"

"ओरडू नकोस ना. खाटेजवळ पॉइंट हवा, हे तिने आधी सांगायला नको होतं का? मला काय स्वप्न पडणार?"

फ्राउकेने त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कधी? काहीतरीच काय, आई!"

त्याचाच स्क्रूड्रायव्हर खाटेवर पडला होता. तो मी उचलला. "मावशी, फळीला हात लावू नकोस, पॉलिश ओलं आहे!" असं तो ओरडत असतानाच मी हूक काढला आणि मग फळीचे स्क्रू काढले. फळी खाली आली. मागे भिंतीवर खडूची फुली जशीच्या तशी होती. आणि फुलीच्या बरोबर मध्यावर हुकाच्या स्क्रूचं भोक. आईने काढलेली खूण पाहून, तिच्यावरच नेम धरून याने आपला हूक ठोकला होता.

फ्राउकेने पुढे होऊन त्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तीन वाजले. चला, चहा घेऊ."

मला रडूच फुटायचं राहिलं. वाटलं, झालं, आता हेही चालेल!

आमच्याकडे घरात भांडण असो की मयत, तीनचा चहा चुकत नाही. तळाशी खडीसाखर, तिच्यावर गरम चहा, कडेने साय. पाहुण्याला तीन कप मिळायलाच हवेत, तो त्याचा हक्क. पुरे झालं की पाहुणा आपल्या हाताने कपात चमचा ठेवतो. तोवर ओतत राहायचं, मग समोर वैरी का बसलेला असेना.

फ्राउकेने माझा कप भरला, एन्नोचा भरला, स्वतःचा भरला. एन्नो परत सुरात आला होता. "डेन्मार्कहून आलो की बघतो तुझा पॉइंट. पुढच्या महिन्यात नक्की. चालेल ना?" त्याने कप रिकामा केला आणि सवयीने पुढे सरकवला.

फ्राउकेने किटलीला हात लावला नाही. तिने त्याच्या बशीतला चमचा उचलला आणि त्याच्या कपात ठेवला.

एन्नोचे कान लाल झाले. "आई, अगं..."

"नाही चालणार," ती म्हणाली. तिने त्याच्यासमोर हात पसरला. "गाडीची किल्ली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिचं ती बोलत असताना मला मध्ये तोंड घालायची गरज नव्हती. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, जाकीट उचललं आणि गेला.

फ्राउकेने माझा कप पुन्हा भरला. थोडा चहा बशीत सांडला. "सोमवारी इलेक्ट्रिशियनला बोलाव," ती म्हणाली. "खाटेजवळचा आधी." मग एन्नोचा चमचा ठेवलेला कप तिने नळाखाली धरला आणि बराच वेळ धूत बसली.

पहिलाच कप होता तो त्याचा.