अण्णांच्या चाकातला वाळा

माझ्या सासऱ्यांच्या सायकलीच्या मागच्या चाकात माझ्या भाचीचा सोन्याचा वाळा बसवलेला होता. बसवला मीच होता, आणि मापाने तो अगदी बरोबर बसला होता. (हे दुसरं वाक्य मी बायकोसमोर उच्चारत नाही.)

मी डहाणूच्या मसोलीत राहतो. घरात कुठलीही वस्तू येण्याआधी ती मी मोजतो. त्यासाठी माझ्याकडे व्हर्नियर कॅलिपर आहे. ते मी देवघरातच ठेवणार होतो, पण वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काढायला लावलं. तिचे वडील अण्णा तलासरीला असतात. तरुणपणी घेतलेली एक गिअरची सायकल त्यांच्याकडे आहे, आणि तिच्यावर त्यांचा जीव पोटच्या पोरांपेक्षा काकणभर जास्तच!

ही गोष्ट २०१७ सालची. त्या सायकलीच्या मागच्या दातेरी चकत्या झिजून बोथट झाल्या होत्या. चढ आला की साखळी घसरायची, आणि अण्णांना उतरून सायकल ढकलावी लागायची.

"जावईबापू," ते एकदा म्हणाले, "सायकल ढकलणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा नुसता चालणारा म्हातारा बरा दिसतो. देऊन टाकू का भंगारात?"

त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. "भंगारात? नातीच्या बारशाला तुम्ही याच सायकलीवरून उधव्याच्या रस्त्याचा चढ चढाल. माझा शब्द!"

शब्द देताना मी काहीही मोजलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच!

जुन्या सायकलींत या चकत्यांचा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी फिरवून बसवतात. तसला गठ्ठा हल्ली मिळत नाही. नव्या पद्धतीत चकत्यांची कॅसेट हबवर नुसती सरकवायची आणि वरून नट आवळायचा. वापीच्या दुकानदाराने जुना गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाला, "अंकल, ये तो म्युझियम में दे दो!" मी कॅसेटचं नवंकोरं चाक घेऊन घरी आलो. तलासरीहून आणून ठेवलेल्या सायकलीत ते जाईना. चार मिलिमीटरनं रुंद!

फ्रेम पोलादी असली की ताणता येते, असं मी वाचलं होतं. अंगणात सायकल आडवी घातली. मागच्या एका दांड्याला मी झोंबलो, दुसऱ्याला वंदना.

"ओढ! तुझ्याच बाबांची आहे!"

"माझ्या बाबांची आहे म्हणूनच जपून ओढतेय!"

शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "काय हो, भांडण झालं का?"

"नाही," वंदना दातओठ खात म्हणाली, "माहेरची ओढ आहे."

फ्रेम ताणली. चाक आत गेलं. आता शेवटची अडचण. नवं हब आठ चकत्यांचं, आणि अण्णांच्या जुन्या गिअरचा हात पोचायचा जेमतेम सातापर्यंत. म्हणून मी सात चकत्यांची कॅसेट घातली, तर ती हबवर डुगडुगायला लागली. मागे साडेचार मिलिमीटरची फट राहत होती. तेवढ्याच रुंदीचं एक कडं घातलं की काम फत्ते!

आमच्या डहाणूत कडं करून घ्यायला लांब जावं लागत नाही. बांगड्यांचे कारागीर गल्लोगल्ली आहेत. मी जयंतीभाईंकडे गेलो.

"आतला व्यास पस्तीस मिलिमीटर," मी म्हणालो.

"साहेब, मिलीमीटर-फिलीमीटर आपल्याला नाय जमत. बांगडीच्या मापात बोला."

मी तिथेच हिशेब केला. बांगडीचं एक-सहा म्हणजे एक इंच आणि वर सहा सोळांश. पस्तीसला अगदी चिकटून!

"एक-सहा? हा तर तान्ह्या बाळाचा वाळा झाला!" जयंतीभाई हसले. "बाळ कोणाचं?"

"सायकलीचं. पितळेची दोन करा. एक लावायला, एक जादा. आणि आतून साडेचारचा आकडा ठोका."

मला तेव्हा माहीत नव्हतं ते इतकंच, की वंदनानंही त्यांच्याकडेच भाचीसाठी सोन्याचे वाळे करायला टाकले होते. माप एक-सहा. अगदी साधे, बाळाला टोचेल अशी नक्षी नको. आणि जयंतीभाईंनी माझ्यासाठी साडेचारची पट्टी पाडली होती, तीच रुंदी त्यांना तिच्या वाळ्यांनाही शोभेलशी वाटली!

"जाताच आहात तर माझीही डबी आणा," वंदना म्हणाली. मी दोन्ही डब्या आणल्या. दोन्ही लाल. घरी येऊन वरची उघडली. आत आकडा ठोकलेला नव्हता.

"विसरले!" मी वंदनाला ओरडून सांगितलं. "कारागीर कितीही चांगला असो, आकड्यांची शिस्त नसते यांना."

मग मोजलं. व्यास बरोबर. रुंदी बरोबर. पुन्हा मोजलं. पुन्हा बरोबर! पॉलिश तर असं सुरेख, की मी मनातल्या मनात जयंतीभाईंची माफी मागितली. एक वाळा हबवर चढवून नट कचकचून आवळला, जोडीचा दुसरा सीटखालच्या पिशवीत टाकला. दुसरी डबी वंदनाकडे दिली.

"उघडून बघू का एकदा?" ती स्वतःशीच म्हणाली.

"कशाला? मी तपासलंय सगळं!" मी म्हणालो.

बारशाच्या दिवशी सायकल चिकूच्या टेम्पोतून तलासरीला नेली. अण्णांनी टांग मारली, दांड्यावरचा जुना खटका ओढला, साखळी सुळकन एका चकतीवरून दुसरीवर गेली. "आहाहा!" म्हणाले. "एक चक्कर मारून आलोच!"

आत पाळणा सजला होता. आत्याचा मान वंदनाचा. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर ऐटीत लाल डबी उघडली. बाळाच्या आजीनं, म्हणजे माझा मेहुणा हेमंत याच्या सासूबाईंनी, एक वाळा उचलला, चष्म्याजवळ नेला.

"साडेचार लिहिलंय. ग्रॅम का हो?"

"मिलिमीटर," मी दारातून म्हणालो. सवयीनं!

वंदनानं वर पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचे डोळे एवढे मोठे होतात हे मला ठाऊक नव्हतं.

"अहो... माझे वाळे कुठे आहेत?"

"एक सीटखाली आहे," मी म्हणालो. "आणि एक... अण्णांखाली."

वाळे आल्याशिवाय नाव ठेवणार नाही, असं वंदनानं जाहीर केलं. हेमंतनं स्कूटर काढली, मी मागे बसलो. उधव्याच्या रस्त्याला अण्णा दिसले. चढ सुरू होत होता.

"अण्णाऽऽ! थांबा!"

अण्णांनी मागे वळून पाहिलं. आपल्याशी शर्यत लागली आहे असा त्यांचा समज झाला! खटका ओढला, उभे राहून पायडल मारलं, आणि सायकल तो चढ अशी चढली की हेमंत स्कूटर चालवता चालवता म्हणाला, "भाऊजी, काम मात्र मस्त केलंत हां!"

माथ्यावर ते थांबले. घामानं निथळत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून चाकाकडे पाहिलं.

"सोनं?" ते म्हणाले. "तरीच लोण्यासारखं चाललंय!"

परत आलो. सीटखालचा वाळा सुखरूप होता. पण चाकातला काढणार कसा? नट उघडायचा खास पाना मसोलीला! (पाना किती लांब आहे ते मला माहीत होतं. जवळ नव्हता.)

"एका हातात घाला, दुसरा उद्या," मी सुचवलं.

"माझ्या नातीचा हात मोकळा राहणार नाही," हेमंतच्या सासूबाई गरजल्या.

शेवटी अण्णांनीच सायकल उचलून आत आणली आणि पाळण्याशेजारी उभी केली. एका हातात वाळा घातला. बाळाचा दुसरा हात वंदनानं मागच्या चाकाला टेकवला, आणि कोणीतरी हबला हळदकुंकूही लावलं. गोंगाटानं बाळानं भोकाड पसरलं. अण्णांनी मागचं चाक उचलून गरकन फिरवलं. टिकटिकटिकटिक! बाळ गप्प! त्या आवाजातच वंदनानं कानात "कुर्र" करून नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत आहे. त्या दिवशी बायकांनी ते धपाटे एकमतानं माझ्या पाठीकडे वळवले.

दुसऱ्या दिवशी वाळा काढला. नटाखाली तो चेपला होता; जयंतीभाईंनी पोटभर हसून नीट करून दिला. चाकात पितळेचं कडं गेलं. अण्णा रोज तो चढ चढतात, पण भेटले की हळूच म्हणतात, "जावईबापू, सोन्याची मजा वेगळी होती."

माझ्या पुढच्या वाढदिवसाला वंदनानं जयंतीभाईंकडून मला भेट आणली. लाल डबी होती. आत सोनं घासून बघायचा कसोटीचा काळा दगड होता.

"आता तरी," ती म्हणाली, "काय करायचं ते कळलं ना?"

"कळलं," मी म्हणालो, आणि कपाटातून व्हर्नियर काढून त्या दगडाची जाडी मोजली.