दोन खाचांचा चाकू

माझ्याकडे एकसष्ट चाकू आहेत आणि त्यांतल्या एकानंही आजवर कांदा चिरलेला नाही. ही तक्रार बायकोची. ती आल्यागेल्याला ऐकवते, आणि मग पाहुणा माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की पुढे काही समजावून सांगायची इच्छाच उरत नाही. सगळे खिशात मावणारे, घडीचे, जुने. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात, गुडघे बदलून घेतात. मी टोपी बाजारात एका कबाड्याच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसतो. तो प्रत्येक चाकू "साहब, ये महल से निकला है" म्हणूनच हातात देतो. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला तर महालात चाकूंशिवाय दुसरं काही नव्हतंच.

लोकांना वाटतं, चाकू म्हणजे चाकू. काय बोलणार! एकाच कारखान्याचे दोन चाकू शेजारी ठेवले तर एकाच्या पात्यावर छाप दोन ओळींत असते, दुसऱ्याच्या एका ओळीत. एकाच्या मुठीला तीन खिळे, दुसऱ्याला चार. हे ज्याला दिसतं त्याचं आयुष्य वाया गेलेलं असतं, पण दिसतं. आम्हा अशा चाळीसेक जणांचा फोनवर एक ग्रुप आहे. नागपूरचे एक निवृत्त इंजिनियर त्यात आहेत, त्यांना सगळे टरकून असतात. "यावर हात फिरलाय", म्हणजे कारखान्यानंतर कुणीतरी छेडछाड केलीय, एवढं ते लिहितात आणि समोरच्याचा महिनाभराचा आनंद संपतो. कुणाला आजवर नोंद न झालेला प्रकार सापडला, तर तो त्याच्या नावानं यादीत चढतो. सहा वर्षांत माझ्या नावानं काही चढलं नव्हतं. मला ते हवं होतं, उगाच कशाला लपवू.

आणि तसा एक चाकू होता, आमच्याच शहरात, कंपू भागात, माझ्या ताईकडे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आता एकटी राहते. चाकू आमच्या वडिलांचा, अण्णांचा. दोन पात्यांचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, विलायती, शेफील्डचा. अण्णांनी तो नवा घेतला होता आणि कायम कोटाच्या खिशात ठेवला. ते गेले तेव्हा मला हे वेड लागलेलं नव्हतं, म्हणून तो ताईनं मागितला आणि कुणी नाही म्हटलं नाही. आमचं घराणं दख्खनेतून इकडे उत्तरेत तलवारी घेऊन आलेलं. तलवारी कुठे गेल्या, कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे खंडेनवमीला ताई पाटावर मांडते ती तिची कात्री, एक पेचकस, मिक्सरचं भांडं आणि हा चाकू, पातं उघडून. मग ओल्या बोटानं पात्यावर हळदकुंकू. अरे, जुनं पोलाद ते! मी दरवर्षी सांगतो, गंज चढेल. "देवाला चालतो गंज," असं म्हणून ती आणखी एक ठिपका लावते.

तीन वर्षांपूर्वी त्या पाटाशी वाकून नमस्कार करताना मला दिसलं की मोठ्या पात्याला नखाची खाच दोन्ही बाजूंना आहे. घडीच्या चाकूला ही खाच एकाच बाजूला असते. चाकू डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत अडकवायचं आणि पातं ओढायचं. जग उजव्या हाताचं आहे, म्हणून खाचही उजव्या हातासाठी. दोन्हीकडे खाच असलेला चाकू मी प्रत्यक्ष पाहिला नव्हता, कुठल्या छापील यादीतही नव्हता. त्या दिवशी मी काय जेवलो ते आठवत नाही. निघताना चाकू मागितला. ताई म्हणाली, "नाही." पुढच्या वर्षीही नाहीच म्हणाली.

इथे ताईबद्दल एक सांगायला हवं. ती डावरी होती. होती म्हणतो, कारण अण्णांनी ते मोडून काढलं. अण्णा शाळेत कवायत शिकवायचे. शहराच्या अर्ध्या लष्कर भागाला डावं-उजवं त्यांनी शिकवलं, मग घरात कसं चालणार? पेन डाव्या हातात दिसलं की लाकडी पट्टी. घास डाव्या हातानं उचलला की पट्टी. ताई उजव्यानं लिहायला शिकली. छत्तीस वर्षं तिनं उजव्या हातानं फळा भरला आणि अक्षर शेवटपर्यंत कोंबडीचे पाय राहिलं. मुली हसायच्या. ती हे सगळं रडगाणं न गाता सांगते आणि शेवटी नेहमी म्हणते, "त्यांना काय कळणार रे! उजव्या माणसाला डाव्याचं कळत नाही." एवढ्या एका आधारावर तिनं अण्णांना माफ केलं होतं. इतकं की त्यांचा चाकू देवांच्या शेजारी बसला.

यंदा पातं अडकायला लागलं. कशामुळे ते मी बोललो नाही. ताईनं स्वतःच चाकू माझ्या हातात ठेवला. "तेल घालून दे. चार दिवसांत परत हवा."

घरी आलो, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, खिडकीच्या उजेडात भिंग लावलं. समोर बायको मटार सोलत होती. कारखान्यातली खाच ठोकलेली असते, कडा स्वच्छ, तळ गुळगुळीत. एका बाजूची तशीच होती. दुसऱ्या बाजूच्या खाचेत बारीक तिरप्या रेघा दिसल्या. कानशीच्या. म्हणजे ती कुणीतरी नंतर हातानं पाडली होती. नागपूरकरांचं वाक्य मला इथे बसून ऐकू आलं. कुठल्या गाढवानं ही कारागिरी केली म्हणून मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

पण सवय वाईट. चाकू हातात आला की मी तो पूर्ण वाचतो. शिंगाची मूठ एका बाजूला अंगठ्याएवढी झिजली होती, आणि ती बाजू चुकीची होती. धारही उलट अंगानं जास्त घासलेली. मी चाकू उजव्या हातात धरला तर बसेना. डाव्यात घेतला, तर अंगठा बरोबर त्या खळग्यात जाऊन टेकला. कानशीनं पाडलेली खाचही डाव्या नखासाठीच होती. मग मला अण्णांची पाठ आठवली. पेन्सिलीला टोक करायचं असो की ऊस सोलायचा असो, ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, कचरा बाहेर पडावा म्हणून.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"अण्णा डावरे होते."

"कोण म्हणतं?"

"चाकू."

तिनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "वन्संना सांगू नका."

ती बरोबर होती. तेल घालायचं, परत द्यायचा, विषय मिटला. चार दिवस मी हेच ठरवत होतो. पण एका खिळ्यावरून ग्रुपवर आठवडाभर भांडणारा माणूस मी, हे गिळून बसणं जमेना. शिवाय यादीतलं नाव गेलं होतं, आता निदान काहीतरी शोधलं हे कुणाला तरी सांगावं, असा क्षुद्र विचारही त्यात होता. नव्हता म्हणालो तर खोटं होईल. आणि एक होतं, मार तिनं खाल्ला होता. तिच्यापासून हे लपवणारा मी कोण?

चौथ्या दिवशी दुपारी कंपूत गेलो आणि ताईला सगळं दाखवलं. रेघा, झीज, धार. ती गणिताची बाई, तिनं भिंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावलं. मग चाकू डाव्या हातात घेतला. अंगठा खळग्यात बसला. तो तिनं तिथून हलवला नाही.

"म्हणजे त्यांना कळत होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो की त्यांनाही कुणीतरी असंच मारलं असेल, त्या काळी सगळीकडे तेच होतं, तुझं जन्मभर अडू नये म्हणून केलं असेल. मला सुचेल ते बोलत होतो.

"असेल," ती म्हणाली. "पण मला राग येतोय रे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बापाचा राग येतोय, आणि भांडायला तो माणूस नाही."

तिनं भिंग माझ्याकडे सरकवलं. सांगितलं ते चुकलंच असं मला वाटायला लागलं. मी उठायच्या बेतात होतो, तर तिनं विचारलं, "पट्टी ते कुठल्या हातात धरायचे, आठवतंय?"

मला स्पष्ट आठवत होतं. "उजव्या."

"हो ना? तळहातावर मारायला जायचे आणि दरवेळी मनगटाच्या हाडावर बसायची. मला वाटायचं, मुद्दाम मारतात." तिनं हातातल्या चाकूकडे पाहिलं. "नेम चुकायचा त्यांचा."

चाकू मांडीवर ठेवून ती डावं मनगट चोळत बसली.