मामंजींच्या नावाचं फूल

महाराष्ट्र नवा होता आणि त्या घरात मीही नवीच होते. ग्रामपंचायतीत मागासवर्गीयांसाठी आणि बायांसाठी राखीव जागा आल्या आणि माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, उभ्या राहिल्या. पुरुषांना वाटलं होतं, बाई नावालाच असेल, घरबसल्या अंगठा देईल. आत्याबाईंना मात्र खरंच तिथं जाऊन बसायचं होतं आणि आमच्या आळीसाठी विहीर मागायची होती. हंडाभर पाण्यासाठी आम्हाला नदी गाठावी लागे. मला तर आनंदाने भूकच लागेना.

तालुक्याच्या गावाहून, चिखलीहून, निवडणुकीचं चिन्ह आलं आणि आम्ही दोघींनी कपाळाला हात लावला. लग्नात ज्याचं पाणी शिंपडतात ते फूल! तेच मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव. आत्याबाईंचा सगळा संसार ‘आइकलं का’ एवढ्यावर झालेला. त्या नवऱ्याचं नाव घेणार कशा, आणि सासऱ्याचं मी? मी तर ते आजही लिहीत नाही. मग आम्ही युक्ती काढली आणि दारोदार सांगत सुटलो, काट्याच्या फुलावर शिक्का मारा. बाया हसायच्या, चहा पाजायच्या. मी नुसती हवेत होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी नदीवर धुणं चाललं होतं. एक म्हातारी आत्याबाईंना म्हणाली, “फिकर नोको करू बाई. आमचं समद्याईचं ठरलं हाय. शिक्का काट्यावरच.”

माझ्या हातातलं लुगडं वाहून चाललं. धान्य तोलायच्या तराजूला आमच्याकडे काटाच म्हणतात, आणि समोरच्या उमेदवार बाईंचं, गावच्या मालदाराच्या वहिनीचं, चिन्ह होतं तराजू. म्हणजे घरोघर आम्ही तिचाच प्रचार करून आलो होतो.

आत्याबाई धुण्याच्या दगडावर चढल्या. पदर सावरला, डोळे मिटले आणि ते नाव मोठ्याने घेतलं. धुणी आपटायची थांबली. त्यांनी ते पुन्हा घेतलं, या वेळी ठणकावून. बाया पोट धरून हसल्या. मला मात्र रडू फुटलं, इतका मला त्यांचा अभिमान वाटला.

आत्याबाई निवडून आल्या. गुलालाने माखून आम्ही घरी आलो, तर मामंजी ओसरीवर बसलेले. नदीवरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. आत्याबाई दारातच थबकल्या.

त्यांच्याकडे न पाहताच मामंजी म्हणाले, “समद्या गावाले आइकू आलं, मलेच नाही आलं. एक डाव अजून म्हन नं.”