कचरूनं उपटलेले सात बोर्ड

आमच्या देवगाव रंगारीचा कचरू बनकर चिडला की ओरडत नाय. खालचा ओठ चावतो अन् गप बसतो. गावात सगळ्यांना हे ठावं होतं. शहरातल्या तात्यासाहेबांना कुणी सांगितलं नाय, तिथंच त्यांचं बिनसलं.

कचरू शहरात आला तेव्हा छावणीच्या पल्याड नुसती ढेकळं होती. मग प्लॉट पडले, घरं उठली, अन् घरागणिक टीव्ही आले. कचरूनं खांद्यावर काळ्या तारेची वेटोळी टाकली अन् गच्चीवरून गच्चीवर केबल ओढली. पंधरा वर्षं. तीनशेच्या वर घरं. चित्र यायचं तात्यासाहेबांच्या कंट्रोल रूममधून, पण लोक म्हणायचे 'कचरूची केबल'. हे म्हणणं म्हणजेच त्याची सगळी इस्टेट.

तार लांब गेली की चित्राला मुंग्या येतात. म्हणून वाटेत ठिकठिकाणी जोर देणारी पेटी बसवावी लागते, अन् पेटीला दिवसरात वीज. ती वीज सात घरांनी दिली. कागद नाय, पत्र नाय. कचरूनं त्या घरांच्या जिन्यात स्वतःच्या खर्चानं पेटीपुरता वेगळा प्लगाचा बोर्ड ठोकला अन् त्या घरांना केबल फुकट दिली. पहिली पेटी मालनबाईच्या जिन्यात. ती बंद पडली की मागच्या सगळ्या आंधळ्या.

दोन हजार तेराच्या मार्चअखेर जुनी केबल बंद होणार अन् टीव्हीपुढं डबा लागणार, असा सरकारी हुकूम आला. प्रत्येक घराचा अर्ज भरायचा, नाहीतर डबा चालणार नाय. कचरू उन्हातान्हात दारोदार हिंडला. म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले, फोटो चिकटवले. अर्जावर एक रकाना होता, केबलचालकाचं नाव. तात्यासाहेब म्हणाले, "तो कोरा ठेव रे. ऑफिसात शिक्का मारून घेतो."

कचरूनं ठेवला. आयुष्यातली तेवढी एकच चूक.

एप्रिलात तारेवर तात्यासाहेबांचा भाचा हिमांशू चढला. अर्जांवर त्याच्याच नावाचा शिक्का. कचरू कंट्रोल रूममध्ये गेला तर तात्यासाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "काळ बदलला, कचरू. आता कागद बोलतो. महिन्यावर राहा हिमांशूच्या हाताखाली."

कचरू सरकारी साहेबाकडं गेला. साहेबानं अर्ज चाळले. "यात तुमचं नाव कुठंय?"

कचरूनं ओठ चावला अन् घरी आला.

ते साल दुष्काळाचं. नळाला सहाव्या दिवशी पाणी, तेही घटकाभर. मोटार लावल्याशिवाय टाकीत थेंब चढायचा नाय. अन् हिमांशूला हुशारी सुचली. आता डबे आले, फुकट कुणालाच नाय, म्हणत त्यानं त्या सात घरांचीही केबल तोडली.

दुसऱ्या दिवशी कचरू पक्कड अन् पेचकस घेऊन मालनबाईच्या जिन्यात उभा.

"काय रं, बोर्ड काढतू व्हय?"

"माझा हाय, मावशे. वायर माझी, खिळंबी माझंच."

"काढ की मग. मला काय त्येचं लोणचं घालायचंय?"

कचरूनं बोर्ड खिळ्यासकट पिशवीत टाकला. पेटीला हात लावला नाय, ती तात्यासाहेबांची. हिमांशू पळत आला अन् त्यानं पेटीची पिन जिन्यातल्या उरलेल्या एकुलत्या प्लगात खुपसली. तो प्लग मोटारीचा होता. कचरू समोरच्या पानटपरीवर बसून बघत होता. त्यानं फक्त सुपारी मागितली.

तिसऱ्या दिवशी सांजच्याला नळ आला. मालनबाईनं पेटीची पिन उपटली अन् मोटारीची लावली. मागच्या पंचवीस गल्ल्यांत मॅच चालू होती. सगळे पडदे काळे. टाकी भरली तरी मालनबाईनं पिन परत लावली नाय. हिमांशू घामाघूम होऊन आला.

"मावशी, तेवढी पिन लावायची ना."

"का? मी नोकरीला हाय का तुझ्या मामाची? फुकट कुणालाच नाय म्हणलास ना, मंग वीजबी फुकट नाय."

मग कचरूनं दर आठवड्याला एकेक बोर्ड उपटला. एकदम नाय. हिमांशूनं एक जागा सावरली की दुसरी. निजामुद्दीनचाचांची गच्ची रांगेत चौथी. चाचा लकव्यानं खाटेवर पडून, दिवसभर बातम्या बघायचे, तेवढाच जीव रमायचा. आता फुकट नसलं तरी पोरगा डब्याचे पैसे भरायचा. पडदा काळा झाल्यावर त्यांनी कचरूला बोलावून घेतलं.

"काय कू रे कचरू? मैं तो तेरे कू गच्ची दिया था."

"चाचा, तुमची तारबी त्याच तारेला हाय."

एवढंच बोलला. मी तेव्हा त्याला म्हणालो, अरे, एका म्हाताऱ्यापुरतं तरी काहीतरी कर. तर मलाच म्हणतो, "एक भोक बुजवलं तर सगळं पाणी थांबतं." चाचा पावसाआधी गेले. कचरूनं मयतीला खांदा दिला, कब्रस्तानातून आला, अंघोळ केली अन् पाचव्या घरचा बोर्ड काढायला गेला.

दिवाळीपर्यंत गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. त्या बसवायलाही लोक कचरूलाच बोलवायचे. तात्यासाहेबांच्या डब्यांवर बायका कुंड्या ठेवायला लागल्या. हिमांशू पुण्याला गेला. पुढच्या दुष्काळात कंट्रोल रूमच्या जागेत पाण्याच्या जारचं दुकान आलं.

तोवर इंटरनेटची बारीक तार आली होती. तिच्या पेटीलाही वीज लागते अन् वाट गच्चीवरूनच जाते. कचरूनं तेच सात बोर्ड पिशवीतून काढले, पुसले अन् त्याच भोकांत ठोकले. मालनबाईच्या घरी वायफाय फुकट. नातू दिवसभर चिकटलेला असतो म्हणून ती आता कचरूला शिव्या देते.

मग एक दिवस तात्यासाहेब स्वतः रिक्षानं आले. नात घरून काम करते, दुसऱ्या कुणाची तार त्यांच्या गल्लीत पोचत नाय. कचरूनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज पुढं केला. तात्यासाहेबांनी चष्मा लावून सगळं भरलं.

"तो खालचा रकानाबी भरा."

केबलचालकाचं नाव. तात्यासाहेबांचा हात थांबला. मग त्यांनी हळूहळू लिहिलं, कचरू रामकिसन बनकर. कचरूनं प्रत्येक अक्षर उमटताना बघितलं.

"माणूस कधी पाठवतोस?"

कचरूनं अर्जाची घडी घातली अन् वरच्या खिशात ठेवली.

"ऑफिसात शिक्का मारून घेतो."

याला सात महिने झाले. अर्ज अजून त्याच खिशात हाय. सदरा धुवायला टाकताना कचरू तेवढा काढतो अन् दुसऱ्या सदऱ्यात घालतो.