गोणीवरचा विळा

माझ्या मुरबाडच्या भातगिरणीच्या गोण्यांवर पूर्वी चंद्रकोर असे. ती मीच काढलेली, कोळशाने, गिरणीच्या भिंतीवर. भागीदारी मोडली तेव्हा कळलं, कल्याणच्या भागीदाराने ती केव्हाच स्वतःच्या नावावर नोंदवली होती. वर वकिलाची नोटीस: चंद्रकोर किंवा तिच्यासारखं काहीही छापलंत तर कोर्टात खेचू. नवं भात महिन्यावर आलं होतं. गिरणी टिकवायची तर त्याला बोट ठेवता येणार नाही अशी खूण हवी होती.

मी विळा ठरवला. शहापूरच्या छपाईवाल्याशी घासाघीस करून भाव एवढा पाडला की तो म्हणाला, "शेठ, शाई घालू की नुसतं पाणी मारू?" नमुन्याची एक गोणी घेऊन मी परतलो, बाकीच्या पाचशे छापायला सांगितल्या.

नमुना तांदळाने भरून दारात उभा केला. दोन दिवसांनी पाड्यावरची एक म्हातारी भात भरडायला आली. पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं भिंतीला टेकवून ती गोणीकडे बघत राहिली.

"का रं, पुना चांदच काढलास?"

"चांद नाय, विळा हाय तो!" मी खेकसलो.

"मंग मूठ कुठं हाय? बिनमुठीच्या विळ्यानं कापून दाव मला."

मी वाकून पाहिलं. भरलेल्या गोणीचा तळ आत वळला होता आणि मूठ त्याखाली गेली होती. उरलं होतं नुसतं वाकडं पातं. चंद्रकोरच ती!

छपाईवाल्याकडे फोन नव्हता. छपाई थांबवायला शहापूर गाठायचं, तर जीप भरल्याशिवाय सुटेना, तेव्हा रिकाम्या जागांचे पैसेही मीच दिले, भाव न करता.

दुकानात गोण्या कोऱ्याच पडल्या होत्या.

"छापल्या नाहीत?"

"तुमच्या त्या भावात? सगळ्यांची कामं उरकल्यावर बघणार होतो."

एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी गोण्यांच्या थप्पीवर बसलो आणि प्यायला पाणी मागितलं.

म्हातारीचं इरलं तिथेच आठवलं आणि खूण तीच ठरवली. या वेळी आधी गोणी भरली, मग चित्र बसवलं, आणि गोणी उलटी, आडवी करून पाहिली.

हंगामात भागीदार स्वतः गिरणीवर आला. मान तिरकी करून त्याने गोणी निरखली.

"हे काय?"

"इरलं. कधी चिखलात उतरला असतास तर ओळखलं असतंस."

पुन्हा नोटीस आली नाही. त्याची चंद्रकोर बाजारात दिसली की अजून डोकं तापतं. तिचं खालचं टोक जरा जाड आहे. भिंतीवर काढताना माझ्या हातातला कोळसा तिथे मोडला होता.