निवेदनावरची चौथी सही

आठवीतल्या एका मुलाने शाळेत यायचं सोडलं होतं. वर्गातली पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणत, त्याच्या चालण्याची नक्कल करत. मी त्याची वर्गशिक्षिका. समलैंगिकतेबद्दलचा कोर्टाचा निकाल नुकताच पेपरात आला होता. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी सांगितलं, पुरुषाला पुरुष आवडणं हा आजार नाही, गुन्हाही नाही. त्यावरून कुणाला छळायचं नाही. असे सहा तास घेणार होते. दुसऱ्या तासाला तो मुलगा येऊन बसला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोरच्या बाकावर कीर्तनकार बुवा, एका पक्षाचे कार्यकर्ते आणि मोहल्ल्यातले मौलवी. मिरवणुकीच्या रस्त्यावरून दरवर्षी भांडणारी ही माणसं मांडीला मांडी लावून बसली होती.

“बाकी कशात आमचं जमत नाय मॅडम,” कार्यकर्ते हसले, “पण तुमी आमाला एक केलंत.”

“हे तास बंद, आणि तसं लेखी द्या,” बुवा म्हणाले. मौलवींनी मान डोलावली.

सरांनी निवेदन पुढे सरकवलं. खाली पालकांच्या, गावकऱ्यांच्या सह्या. चौथी माझ्या वडिलांची.

ते मिठागरात राबलेले, शाळेत कधीच न गेलेले. मी पाचवीत असताना पाटीवर त्यांना सही शिकवली होती. खाली एक रेघ, दोन टिंबं, साहेब लोकांसारखी. कागदावर तीच रेघ होती, तीच टिंबं.

घरी विचारलं, “बाबा, कशावर सही केलीत?”

“बुवा बोलले, शाळेत कोनतरी वंगाळ शिकवतंय. मी बोललो, माझी पोरगी तितं मास्तरीन हाय, आना इकडं.”

“ते मीच शिकवत होते.”

काय शिकवलं ते सांगितलं. ते म्हणाले, “कोनाला छळू नका बोललीस. यात वंगाळ काय गो?”

सकाळी ते माझ्याबरोबर शाळेत आले. निवेदन मागून घेतलं आणि आपली सही खोडली. पेन कागदातून आरपार गेलं.

सरांनी माझ्यापुढे दुसरा कागद ठेवला. सातवीनंतर मला शाळेतून काढू नका म्हणून आमच्या घरी तीनदा आलेले हेच सर. “नोकरी सांभाळ, बाळा,” ते म्हणाले.

‘यापुढे हा विषय वर्गात घेणार नाही.’ मी दोनदा वाचलं आणि सही केली. वडील दारातून बघत होते.

शुक्रवारी त्या मुलाची आई त्याचा दाखला घेऊन गेली.