नानांची लाल अळंबी

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका चौकस माणूस अख्ख्या शिंदखेडा तालुक्यात नाही, आणि कधी असलाच तर नानांच्या प्रश्नांना कंटाळून तो केव्हाच सुरतेला गेला असणार. नवा पाहुणा आला की गाव, कूळ, मामाचं गाव कळल्याशिवाय नाना त्याला चहासुद्धा पिऊ देत नाहीत. पाखरं, किडे, पाला यांच्याशीही हीच तऱ्हा. एकदा बहिणीनं निवडलेली रानभाजी त्यांनी नाव कळेपर्यंत अडवून धरली. आम्ही सगळे मुकाट ठेचा-भाकरी जेवलो.

त्यांना हरवलं ते एका अळंबीनं. शिरपूरच्या वरच्या जंगलात त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या अक्कांना, ती दिसली होती. रुपयाएवढी, वरून कुंकवासारखी लाल, खालून पिवळी, आणि दाबली की निळीशार! अक्कांनी विचारलं, "हाई काय शे?" जन्मात पहिल्यांदा नाना म्हणाले, "माले माहीत नही." पुढे अक्का गेल्या, आणि ते उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

यंदा श्रावणात त्याच जंगलात नानांना तशीच एक सापडली. एकच! धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी फोनवर बजावलं, "अख्खी आणा, दाबू नका." नानांनी ती केळीच्या पानात गुंडाळून डब्यात ठेवली, आणि आम्ही शिरपूरहून बसमध्ये बसलो. कंडक्टरनं सहज विचारलं, "डब्यात काय, नाना?" झालं! झाकण उघडलं. "दाब, दाब. देख कशी निळी पडस!" कंडक्टरनं दाबली. मग शेजारच्या आजीबाईंनी, मग मागच्या बाकावरच्या चौघांनी. मी डोक्याला हात लावला. सोनगीर येईपर्यंत अख्ख्या बसनं बोट लावलं होतं आणि नाना नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते.

प्राध्यापकांनी तो काळानिळा लगदा भिंगाखाली धरला. "टोपीखाली पाती नाहीत, बारीक छिद्रं आहेत. म्हणजे बोलीट नावाच्या अळंब्यांच्या कुळातली. पण नाव नाही सांगता येणार. अख्खी हवी होती, नाना."

बाहेर आल्यावर मी चिडलोच. "एवढी वर्षं वाट पाहिली, नाना! आज तरी डबा मिटून ठेवायचा!"

नाना धोतराच्या सोग्यानं डबा पुसत राहिले. "काई नवं दिसनं का मी अक्काले दखाडू," ते म्हणाले. "आते एकलानी देखीसन काय करू, भाऊ?"

 मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि परत त्या जंगलाकडे जायला शिरपूरची बस किती वाजता आहे ते विचारायला गेलो.